तळ्याचा ठसका

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पळसबांध तलावात पिंजऱ्यात ठेवलेल्या सहाही रोहूंना एकाच वेळी ठसका लागला आणि रुचिता मारबतेच्या हातातला चहा तराफ्यावर सांडला.

तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले. रोजचा आवाज तिला पाठ होता. धप्, धप्, धप्, कल्ले उघडताहेत, मिटताहेत, आणि मधूनच एखादा खर्र असा झटका. एरवी मिनिटाला तीन ठसके, फार तर चार. आज यंत्राच्या पडद्यावर आकडा होता एकोणीस. ती बघत होती तोवर चोवीस झाला.

"मावशी!" ती काठाकडे तोंड करून ओरडली. "यंत्र बोललं! पहिल्यांदा बोललं!"

पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, जाळं पसरत असलेल्या पार्बताबाई नान्हे उभ्या राहिल्या. पळसटोल्याच्या ढिवर मच्छीमार संस्थेच्या त्या अध्यक्ष. वय पासष्ट, आवाज तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

"काय म्हणते?"

"विष आलं म्हणते!"

"मंग तू हासून काहून राहिली वो?"

रुचिता चपापली. आपण हसतोय हे तिलाच कळलं नव्हतं. पण तीन वर्षं ज्या क्षणासाठी घालवली तो क्षण समोर उभा राहिला की माणसाचा चेहरा त्याचं ऐकत नाही.

तीन वर्षांपूर्वी पळसबांधच्या जाळ्यात वाकड्या कण्याची पोरं यायला लागली होती. पोरं म्हणजे माशांची, बोटाएवढी. मोठ्या माद्या पोट फाडून पाहिल्या तर आत अंडी नाहीत. कल्ल्यांवर चिकट थर. मरळीसारखा चपळ मासा, पण जाळं समोर आलं तरी वळायचा नाही, येऊन सरळ अडकायचा. बहात्तर ढिवर घरं या तलावावर जगत होती. पाण्याचे नमुने नागपूरला गेले, दरवेळी अहवाल आला, 'पाणी ठीक.' कारण भातशेतीतून आलेलं विष नाल्यानं येई, दोन-तीन तासांत तलावात पसरून पातळ होई, आणि नमुना घ्यायला माणूस पोचे तो चौथ्या दिवशी. चोर निघून गेल्यावर घराचा फोटो काढावा, तसा तो प्रकार होता.

रुचितानं भंडाऱ्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केलेली. पुढं सहा वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं दुरुस्त करायची नोकरी. एका दुपारी तिच्या डोक्यात आलं, माणसाच्या छातीला तारा लावून जे ऐकू येतं, ते माशाचं का ऐकू येऊ नये? स्नायू माणसाचा असो की माशाचा, तो हलतो तेव्हा विजेची अगदी बारीक लहर सोडतोच. पाण्यात ती लहर पसरते. पिंजऱ्याच्या दोन बाजूंना पोलादाच्या दोन पट्ट्या लावल्या की ती पकडता येते.

आणि मासा खोकतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. माशाच्या तोंडातून शिरलेलं पाणी कल्ल्यांवरून एकाच दिशेनं बाहेर जातं, त्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. कल्ल्याची कातडी इतकी पातळ, की पाण्यात जे असेल ते तिच्यातून थेट रक्तात. तिथं काही झोंबलं, की मासा क्षणभर पाणी उलटं फिरवतो आणि जोरानं झटकून टाकतो. तोच ठसका. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या लोकांच्या मदतीनं रुचितानं अकरा प्रकारच्या विषांपुढं मासे कसे श्वास घेतात, कसे खोकतात, याच्या हजारो नोंदी यंत्राला शिकवल्या होत्या. गंमत म्हणजे प्रत्येक विषाचं हस्ताक्षर वेगळं निघालं. एकानं ठसके झुंडीनं येतात, दुसऱ्यानं श्वासच मंदावतो. पाण्यात विष किती आहे हे यंत्र सांगत नव्हतं. त्या विषानं माशाचं काय होतंय, ते सांगत होतं.

आता पडद्यावर अक्षरं उमटली. ऑर्गॅनोफॉस्फेट, जुळणी एक्क्याण्णव टक्के.

रुचिताचं हसू मावळलं.

"असं कसं होईल?" ती स्वतःशीच पुटपुटली.

ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे रासायनिक कीटकनाशक, आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी दोन वर्षांपूर्वीच रासायनिक औषधं वापरायची सोडली होती. संस्थेनं आणि शेतकऱ्यांनी मिळून तसा करार केला होता. शिवारात फवारणी होई ती फक्त जैविक अर्काची, आणि ती करायचं काम एकाच माणसाकडं होतं, देवानंद दिघोरेकडं. करार जुळवून आणणाराही तोच. आणि देवानंद म्हणजे रुचिताच्या सख्ख्या बहिणीचा, मोनालीचा, नवरा.

तराफ्यावरून होडीनं काठाला येऊन तिनं गळ्यात तसंच एक लहान, फिरतं यंत्र अडकवलं, प्लास्टिकच्या दोन पारदर्शक बरण्यांत रोहूची चार-चार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेतली आणि पार्बताबाईंना म्हणाली, "मावशी, नाल्याचं पाणी तलावात येऊ देऊ नका. काही करा."

"काय करू?"

"जुन्या विटाभट्टीचा खड्डा आहे ना नाल्याच्या बाजूला? तिकडं वळवा. मी वर जातो विष शोधाले."

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या बायका बोलताना 'जातो'च म्हणतात. पार्बताबाईंनी हातातलं जाळं टाकलं. पदर खोचला आणि वस्तीकडं तोंड करून अशी हाक मारली, की दहा मिनिटांत चाळीस बाया फावडी, घमेली आणि मोडक्या दारांच्या फळ्या घेऊन नाल्यावर हजर झाल्या.

रुचिता नाल्याच्या काठानं वर निघाली. सप्टेंबर महिना, पोळा होऊन पंधरवडा झालेला, धान कंबरेला आलेलं. जिथं जिथं बारका ओहोळ नाल्याला मिळे तिथं ती थांबे, बरणीतलं थोडं पाणी ओतून ओहोळाचं भरी, आणि आकड्याकडं बघत राही. डावा ओहोळ, चार ठसके. स्वच्छ. पुढचा, पाच. स्वच्छ. तिसऱ्यावर आकडा चढत गेला, अकरा, सोळा, बावीस! तिनं पाणी भरभर बदललं, मासे ताजे करून घेतले आणि त्या ओहोळानं पळत सुटली. छाती धपापत होती. आयुष्यात पहिल्यांदाच माणूस माशाच्या मागं न लागता मासा माणसाला वाट दाखवत होता.

पुढं ओहोळ दुभंगला. उजवीकडं सहा. डावीकडं तीस. डावीकडं वळून बांधावर चढली, तर समोर देवानंद.

तीन ड्रोन बांधावर ओळीनं ठेवलेले. काल त्यानं याच बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, वरची वीस एकरं फवारली होती, या नाल्याच्या अंगाची यंदाची पहिलीच; आज साठ व्हायची होती. उघड्या हातानं तो हिरव्या डब्यातला अर्क टाकीत ओतत होता.

"अरे, रुचा! सकाळी सकाळी मासे घेऊन फिरून राहिली?" तो हसला.

"भाऊजी, थांबा. टाकी भरू नका."

"काहून?"

तिनं दम खात सगळं सांगितलं. देवानंदचा चेहरा आधी गोंधळला, मग कडक झाला. त्यानं डबा तिच्यासमोर धरला. त्यावर हिरवं पान होतं आणि मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के जैविक'.

"हे पाय. वाचता येते ना? दोन वर्षं झाली, मी याच्याशिवाय थेंब उडवला नाही. तुझ्या तलावासाठीच केलं ना हे सारं?"

"मले माहीत आहे भाऊजी. मंग दोन थेंब बरणीत टाकून पाहू द्या."

"टाक!"

दुसऱ्या बरणीत अजून तलावाचं स्वच्छ पाणी होतं. ठसके चार. तिनं डब्यातला थेंब आधी बादलीभर पाण्यात मिसळला आणि त्यातले दोन थेंब बरणीत सोडले. दोघंही आकड्याकडं टक लावून बसले. अर्धा मिनिट काहीच नाही. मग नऊ. सतरा. एकतीस. एक बोटुकली कुशीवर वळली आणि तिचे कल्ले थरथरू लागले, उघडून बंद व्हायचे विसरल्यासारखे. पडद्यावर अक्षरं आली. ऑर्गॅनोफॉस्फेट, जुळणी सत्त्याण्णव टक्के.

रुचितानं झटकन मासे उजव्या ओहोळाच्या स्वच्छ पाण्यात सोडले. तीन सावरले. एक गेला.

"झूठ आहे," देवानंद म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, आणि तेव्हा रुचिताचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. दंडाची कातडी आतून किडे वळवळावेत तशी बारीक बारीक उडत होती.

"भाऊजी, हे कधीपासून होते तुमाले?"

"काय? हे? थकवा आहे. महिनाभर झाला. डोळ्यापुढं धुरकट दिसते, तोंडात पाणी सुटते सारखं."

"माझ्याकडं पाहा."

त्यानं पाहिलं. ऊन समोरून नव्हतं, पाठीमागून होतं. तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

दवाखान्यात सहा वर्षं काढलेल्या रुचिताला पुढचं कुणी सांगायला नको होतं. मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा निरोप पाठवतो तो एका रसायनाच्या रूपानं. निरोप पोचला की तो पुसून टाकायला शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, अॅसिटिलकोलिनेस्टरेज. ते फळा पुसतं म्हणून स्नायूला सैल होता येतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या पुसणाऱ्याचेच हात बांधतं. मग 'आवळ, आवळ, आवळ' हा निरोप पुसलाच जात नाही. आणि हे विकर माशात असतं तसंच माणसातही असतं. जैविक आहे म्हणून देवानंदनं दोन वर्षांपूर्वी हातमोजे काढून ठेवले होते.

तिनं यंत्राच्या दोन पट्ट्या त्याच्या दंडावर दाबल्या. काय होईल ते तिलाही ठाऊक नव्हतं, ते यंत्र माणसासाठी नव्हतंच. पडद्यावर रेघ उमटली, एकाच ठोक्यात चार-चार शेंडे असलेली, न थांबणारी. मघाशी कुशीवर वळलेल्या बोटुकलीची रेघ अशीच होती.

"भाऊजी, गाडीची किल्ली द्या."

"अन् ड्रोन?"

"पडू द्या!"

नऊ वर्षं झाली असतील, याच माणसानं आपल्या मोटारसायकलवर मागं बसवून तिला तीन वर्षं पॉलिटेक्निकला नेलं-आणलं होतं, थंडीत, पावसात, एक दिवस न चुकवता. आज तिनं त्याला मागं बसवलं, हिरवा डबा पिशवीत बांधला आणि गाडी अशी हाणली की वाटेतल्या कोंबड्या उडून झाडावर बसल्या.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहुल्या बघताक्षणीच या विषावरच्या उताऱ्याची, अॅट्रोपिनची, सुई मागवली. तासाभरात रक्ताचा अहवाल आला. "विकर तीस टक्क्यांवर उतरलंय," ते म्हणाले. "आज आणखी साठ एकर फवारली असती, तर ह्यांना तुम्ही इथवर आणू शकला नसता."

मोनाली दुपारी पोचली. नवऱ्याला बघितलं, सलाईन बघितलं, आणि बाहेर येऊन रुचितासमोर बसली. रुचिताच्या मांडीवर यंत्र उघडंच होतं. नव्या जलनियमाप्रमाणे नोंद झालेल्या यंत्रानं विषाचा उगम शोधला, की तो जिल्ह्याच्या खुल्या नकाशावर टाकायचा, जागा, नमुना आणि फवारणाऱ्याचा परवाना क्रमांक. पडद्यावर प्रश्न थांबून होता, 'उगम पक्का करायचा?' खाली नाव, देवानंद दिघोरे.

"हे काय आहे?" मोनालीनं विचारलं.

रुचितानं सांगितलं.

"म्हणजे उद्या सारा जिल्हा म्हणंल, देवानंदनं तलावात विष टाकलं."

"ताई, त्याईले माहीतच नव्हतं..."

"नकाशाले माहीत आहे का हे? परवाना जाईल त्याचा. संस्थेचे लोक घरावर येतील. नको टाकू, रुचे. डबा दे फेकून. आजपासून तो उडवणारच नाही, मंग कोणाचं काय बिघडते?" मोनालीचा आवाज फुटला. "त्याच्याच गाडीवर बसून शिकली ना तू?"

रुचितानं पडद्याकडं बोट नेलं आणि मागं घेतलं. नाव काढून नोंद टाकावी, तर ती 'अपुरी' म्हणून बाजूला पडणार. टाकावी, तर बहीण जाणार. सकाळपासूनची झिंग एका क्षणात उतरली आणि यंत्र मांडीवर दगडासारखं जड वाटायला लागलं.

तेवढ्यात आतून परिचारिकेनं हाक मारली. देवानंद जागा झाला होता. औषधानं तोंडाला कोरड पडलेली, तरी त्याला बोलायची घाई होती.

"रुचा, डब्यावरचा नंबर वाच. मालाचा."

तिनं वाचला.

"हाच माल आकरा गावांत गेला आहे. आम्ही सतरा ड्रोन-पायलटांनी महिन्यापूर्वी एकाच दिवशी उचलला. उद्या सकाळी सारे पुन्हा उडवणार, सारे उघड्या हातानं." त्यानं दोन श्वास घेतले. "टाक नोंद."

"तुमचं नाव जाते भाऊजी त्याच्यात."

"जाऊ दे. मीच फवारलं ना? दुसऱ्या कोणाचं टाकशील?"

मोनाली दारात उभी होती. रुचितानं तिच्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि होकारावर बोट ठेवलं.

पुढचे दोन तास कसे गेले ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. देवानंद खाटेवर पडल्यापडल्या एकेका पायलटला फोन लावत होता. "डबा खोलू नोको. हात लावला असंल तर साबणानं धू. अन् बायकोले सांग डोळ्याच्या बाहुल्या पाहाले. बारीक दिसल्या तर गाडीत बस अन् इकडं ये, उगा शहाणपणा करू नोको!" रुचिता दुसऱ्या फोनवर तलावांच्या संस्थांना कळवत होती. नागपूरहून महाविद्यालयाचे लोक निघाले. कृषी खात्याचा अधिकारी डब्याला लाखेचं सील लावून घेऊन गेला. संध्याकाळच्या आत सतरापैकी चार पायलट दवाखान्यात भरती झाले होते, चौघांच्याही बाहुल्या टाचणीएवढ्या. एक ड्रोन उडाला नाही. अकरा गावांत एकही!

आणि पार्बताबाईंचा फोन आला. मागं बायांचा एकच गलका.

"पोरी, नाला वळला! फळ्या लावल्या, माती टाकली, सारं पाणी खड्ड्यात! त्रेचाळीस मासे मेले, मोजले आम्ही. पण बाकीचे आहेत. ऐकून राहिली का? आहेत!"

रुचिता दवाखान्याच्या पायरीवर बसून खूप वेळ रडली, आणि मधूनच हसली.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेनं शिक्का मारला. अर्क नावालाच, आत स्वस्तातलं जुनं कीटकनाशक मिसळलेलं. त्या कंपनीची गोदामं बंद झाली, चौकशी लागली. देवानंदचा परवाना थांबवला गेला, तोही चौकशीपुरता. पण डॉक्टर म्हणाले, शरीरातलं विकर हळूहळू भरून येतं, सहा महिने तरी औषधाच्या जवळ जायचं नाही.

संस्थेच्या सभेत ढिवर होते, शेतकरी होते. तापलेले होते दोघंही. देवानंद काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या तलावात विष माझ्या हातानं पडलं. लेबल वाचून पडलं. यापुढं लेबल वाचणार नाही. डबा आधी माशाले दाखवाचा, मंग ड्रोनले." मग वरच्या बांधीचा शेतकरी म्हणाला, "बरणी केवढ्याची पडते म्हणता?"

तिथून जे सुरू झालं त्याला रुचिता एकटी पुरेना. पायलट बरण्या मागायला आले. गोंदियाकडच्या नऊ तलावांनी पिंजरे मागितले. पळसबांधच्या नाल्यावर लोखंडी झडप बसली आणि तिची तार थेट रोहूंच्या पिंजऱ्याला जोडली. ठसके बारावर गेले की झडप आपोआप पडायची. आता तलावात कोणतं पाणी यायचं ते मासेच ठरवत होते. पिंजऱ्यातल्या सहांपैकी एक रोहू दगावला होता, उरलेल्या पाचांचे ठसके अकरा दिवसांनी पाचावर उतरले.

मोनाली मात्र बोलत नव्हती. रुचिता भाऊजींना बघायला घरी जाई तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. चहा यायचा, मोनाली यायची नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी पाळीवरून ती येताना दिसली. तलावाकाठची असूनही तिला पाण्याची भीती, तराफ्यावर कधी पाय ठेवला नव्हता. आज डोंग्यातून आली आणि रुचिताचा हात न धरता तराफ्यावर चढली.

"पायलटची परीक्षा झाली माझी," ती म्हणाली. "काल परवाना आला, माझ्या नावानं. ड्रोन आता मी उडवतो. निमअर्क आणला आहे, नवा माल. पार्बतामावशी घेऊन उभी आहे काठावर."

रुचिता तिच्याकडं बघतच राहिली.

"तशी पाहू नोको. राग गेला नाही माझा," मोनाली म्हणाली. "पण तुझ्या भरवशावर डबा खोलणार नाही मी, अन् लेबलच्याही नाही. मले सोताले ऐकता आलं पायजे. कसं ऐकाचं ते शिकव."

रुचितानं हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले. मोनालीनं बाटलीतून आणलेल्या नव्या अर्काचे दोन थेंब बरणीतल्या पाण्यात सोडले आणि बरणी यंत्राला जोडली. मोनालीनं डोळे मिटले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एकेक करून सुटत गेल्या.

"धपधप येते. हा ठसका आहे का?"

"नाही ताई. हा श्वास आहे."

"अन् ठसका?"

"थांब. येईल. खरा असंल तर कळंलच तुले. नाही आला तर अजून चांगलं. वीस मिनिटं ऐकाचं."

काठावरून पार्बताबाईंचा खणखणीत आवाज आला, "पोरीहो! ड्रोन भरू का? वारा पडला आहे, शेतकरी वाट पाहून राहिले!"

मोनालीनं डोळे उघडले नाहीत. एक हात वर करून तिनं सगळ्या काठाला थांबायची खूण केली, दुसऱ्या हातानं शेजारी बसलेल्या बहिणीचं मनगट घट्ट धरलं, आणि ओरडून म्हणाली,

"थांबा म्हणा त्याईले! मासा अजून बोलून राहिला!"